कोपऱ्यात उभा राहणारा एंजल

*काका, नमस्कार. मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटांची टाकी आणली आणि चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे दोन छोटे एंजल मासे सोडले. महिना होत आला. एक चौथ्या-पाचव्या दिवशीच गेला. दुसरा तेव्हापासून मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे उभा असतो. लाइट लावला की धाडकन काचेवर आपटतो. आम्ही जवळ गेलो की पट्टे फिके पडतात, आमच्यासमोर खातही नाही. टाकी मात्र मी अगदी स्वच्छ ठेवते. दर रविवारी पूर्ण रिकामी करून खडे, काचा, स्पंज, सगळं नळाखाली घासून धुते. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे कधी नर्मदेचं पाणी भरते, कधी बोरिंगचं. टाकी दाराजवळ चपलांच्या कपाटावर आहे. दुकानदार म्हणतो निळं औषध आणि मीठ टाका. सासूबाई म्हणतात, एकटा झुरतोय, जोडीदार आणा, आणि रोज कणकेच्या गोळ्या टाकतात. मुलगा काचेवर टकटक करून त्याला बोलावतो. काय करू?*
*– एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

ताई,

दुकानदार, सासूबाई आणि चिरंजीव यांच्याकडे नंतर येतो. आधी तुमचंच एक वाक्य घेतो: दर रविवारी पूर्ण रिकामी करून घासून धुते. २०१७ पासून वर्षामागून वर्ष देशात स्वच्छतेचा पहिला नंबर आणणाऱ्या गावातल्या बाईला हे सांगणं जिवावर येतंय, पण ही सफाई थांबवा. या रविवारपासूनच.

माशाच्या बाजूने तो रविवार बघा. आधी जाळी येते, ती टाकीभर त्याचा पाठलाग करते. मग बादली. तासाभराने तो परत टाकीत पडतो तेव्हा पाणी वेगळं, त्याचं तापमान वेगळं, खड्यांची जागा वेगळी, ओळखीचा वास गेलेला. आठवडाभरात जरा स्थिरावतोय तोवर पुढचा रविवार. आपलं घर दर आठवड्याला कुणी भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर काढून परत लावलं असतं, तर आपणही दाराची कडी वाजली की दचकलो असतो.

पण भीतीपेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेला दाणा कुजूनही तो तयार होतो, आणि तो माशाला विषारी असतो. स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही साखळी नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही तो थर दर रविवारी घासून काढताय, आणि जो उरतो त्याला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं. म्हणजे तुमची टाकी दिसायला महिन्याची, पण आतून कायम पहिल्याच आठवड्यात अडकलेली. पहिला एंजल कशाने गेला हे आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. तरी नव्या टाकीतला मासा चौथ्या-पाचव्या दिवशी जातो तेव्हा माझा पहिला संशय अमोनियावर असतो.

तेव्हा थेंबांचं टेस्ट किट आणा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींचं. औषधांवर खर्च करण्याआधी हा खर्च करा. दोन्ही आकडे शून्य हवेत. शून्याच्या वर काही दिसलं तर शून्यावर येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला आणि दाणा निम्म्यावर आणा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी मासे असलेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, ओलाच, आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. तो जिवाणूंचं तयार विरजणच समजा. यापुढे आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी पाईपने ओढून काढायचं, खड्यांवरचा गाळ त्याच पाईपने उचलायचा, आणि स्पंज महिन्यातून एकदा त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा. साबण, सर्फ, घासणी, काही नाही. मासा टाकीतच राहील, जाळी दिसणारही नाही.

आता तो खरंच घाबरलाय की आजारी आहे, हे ठरवायचं. त्यासाठी एक साधी युक्ती. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो टाकीसमोर टेकवून ठेवा आणि अर्धा तास सगळे घरातल्या दुसऱ्या भागात जा. नंतर बघा. पाच-दहा मिनिटांनी मासा कोपऱ्यातून निघून फिरायला लागला, खड्यांवर चोच मारायला लागला, पट्टे गडद झाले, तर त्याचं दुखणं भीतीचं आहे. कुणी नसतानाही तो तिथेच पंख आवळून उभा असेल, कल्ले भराभर हलत असतील, तोंड पाण्याच्या वर काढून हवा घेत असेल किंवा अंग खड्यांवर घासत असेल, तर गडबड पाण्यात किंवा अंगात आहे. अंगावर पांढरे बारीक ठिपके दिसतात का, तेही बघा. एक गोष्ट मात्र आजारात धरू नका: एंजल रात्री अंधारात फिकाच पडतो. पहाटे दिवा लावून पाहिलंत तर पट्टे जवळजवळ पुसलेले दिसतील आणि काही वेळाने आपोआप परत येतील. ती झोप आहे.

निळ्या औषधाबद्दल थोडक्यात. निदान न करता ते मुख्य टाकीत टाकू नका. आपण जे जिवाणू वाढवायचा खटाटोप करतोय त्यांनाच ते मारतं, शिवाय काचेच्या जोडांचं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. मिठाचीही सध्या गरज नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो, पण काउंटरपलीकडून त्याला तुमची टाकी दिसत नाही.

नर्मदा आणि बोरिंग या विषयावर आपल्या गावात कुणीही तासभर बोलू शकतं, मी थोडक्यात आटपतो. जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी क्लोरीन घालून येतं. माळव्याच्या काळ्या खडकातलं बोरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि खारवट. बाजारातले एंजल मूळचे अमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्याचे असले तरी कित्येक पिढ्या टाक्यांमध्येच वाढलेत, त्यामुळे थोडं जड पाणीही ते चालवून घेतात. त्यांना एका आठवड्यात हे आणि दुसऱ्या आठवड्यात ते चालत नाही. शिवाय जड पाण्याचा पीएच सहसा वरचा असतो आणि वरच्या पीएचला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून एक पाणी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर नर्मदेचं घेतलं असतं. नळ आला की एक बादली टाकीसाठी वेगळी भरा, अँटीक्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. थंडीच्या दिवसांत त्यात गरम पाणी मिसळून टाकीइतकं कोमट करा, मग हळूहळू ओता. धार थेट मारू नका, आत एक वाटी धरून तिच्यावर सोडा.

थंडीवरून आठवलं, तुमच्या पत्रात हीटरचा उल्लेख नाही. इंदुरात जानेवारीतल्या रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो, आणि साठ लिटरची टाकी दाराजवळच्या थंड हवेत चटकन गार होते. एंजलला २५ ते २८ अंश हवेत. गारठलेला एंजल कोपऱ्यात उभा राहतो, खात नाही, हुबेहूब भ्यालेल्या माशासारखा दिसतो. लिटरला सव्वा वॅट या हिशेबाने ७५ वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर पुरे, सोबत साधा थर्मामीटर घ्या. पाणी बदलण्यापूर्वी हीटर आठवणीने बंद करा, उघडा पडला तर काच तडकते.

आता चपलांचं कपाट. दोन फुटांच्या टाकीत साठेक लिटर पाणी म्हणजे साठ किलो, वर काच आणि खडे. पाऊणशे किलोच्या पुढचं वजन तुम्ही चपलांसाठी केलेल्या प्लायवर ठेवलंय. माशाचं सोडा, मला तुमच्या फरशीची काळजी वाटते. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ असते, तिच्यातून त्याला पाण्यातला हलकासा हेलकावाही कळतो. दार आपटलं, कपाटाचं झाकण पाडलं, कुणी बूट फेकले, की प्रत्येक दणका लाकडातून काचेत, काचेतून पाण्यात आणि तिथून त्याच्या अंगावर. टाकी आतल्या खोलीत भिंतीला लागून, मजबूत सपाट स्टँडवर हलवा. टीव्हीचा स्पीकर आणि थेट ऊन, दोन्हींपासून लांब. हलवताना बहुतेक पाणी काढून बादल्यांत जपून ठेवा, तेच परत घाला. मासा त्याच पाण्याच्या बादलीत झाकून, फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ओला. भरलेली टाकी दोघांनी उचलायचा पराक्रम करू नका, तळाची काच जाते. हा एक बदल त्याला सोसावा लागेल, पण एकदाच.

नव्या जागी मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या चार्ट पेपरने झाका. चारही बाजूंनी उघड्या टाकीत माशाला पाठ टेकायला जागा नसते. खडे चकचकीत, पांढरे-निळे असतील तर तेही बदलायचा विचार करा. नदीत उजेड वरून येतो आणि तळ गडद असतो. तळाकडूनही उजेड फेकला गेला की मासा बावरतो. साधी गडद रेती किंवा नदीतले बारीक गोटे बरे. मात्र सगळे खडे एका दिवसात काढू नका, त्यांच्यावर आता जिवाणू धरायचेत. महिन्याभराने, थोडे थोडे करून.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. मासा लपतो म्हणून लोक टाकीतल्या लपायच्या जागा काढून टाकतात, म्हणजे तो दिसेल. होतं उलटं. पळून जायला जागा हाताशी आहे हे माशाला पक्कं कळलं की तो मोकळ्यावर येतो. जागाच नसेल तर असेल त्या एका नळीमागून हलत नाही. म्हणून आडोसे वाढवा, पण त्या माशाला शोभतील असे. एंजलचं अंग बघा: चपटं, उंच, उभ्या पट्ट्यांचं. अमेझॉनच्या संथ पाण्यात तो बुडालेल्या मुळ्यांच्या आणि लव्हाळ्यांच्या उभ्या काड्यांमध्ये जाऊन थांबतो आणि पट्टे त्या काड्यांमध्ये मिसळून जातात. त्याला मातीची फुटकी कुंडी उपयोगाची नाही, ती तळाशी राहणाऱ्या माशांना ठीक. याला उभा आडोसा हवा. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या लांब पात्यांची दाट जुडी मागच्या एका कोपऱ्यात लावा, दुसऱ्या बाजूला लाकडाचा उभा ओंडका. दुकानातून आणलेलं लाकूड आठवडाभर पाण्यात भिजवून मगच आत. मधली आणि पुढची जागा मोकळी राहू द्या.

घरात मनीप्लांट असेलच. त्याची दोन लांब डहाळी घ्या, पानं टाकीबाहेर आणि देठ पाण्यात राहतील अशी मागच्या काठावर अडकवा. काही आठवड्यांत मुळ्यांचा झुबका पाण्यात लोंबायला लागतो. एंजलला हवा तसा उभा आडोसा फुकटात मिळतो, आणि ती झाडं पाण्यातलं नायट्रेटही शोषून घेतात. पान मात्र पाण्यात बुडू देऊ नका, कुजतं.

पाण्यावर थोडी सावली हवी. तरंगणारं गोंडाळ पाव भागावर पसरलं की वरून कुणी झडप घालेल ही भीती कमी होते. बगळा आणि खंड्या वरूनच येतात, आणि टाकीत जन्मलेल्या माशाच्या अंगातही ती धास्ती असते. देशी बदामाचं झाड आसपास असेल तर त्याचं आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं तांबूस पान आणा. रस्त्याच्या धुरातलं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं नको. नीट धुवून एक पान टाका. पाण्याला फिका चहाचा रंग येईल, उजेड मवाळ होईल. तुमचे हात लगेच ते पाणी बदलायला शिवशिवतील. ते घाण नाही, राहू द्या.

लाइट लावला की तो आपटतो, कारण त्याला पापण्याच नाहीत. काळोखातून एकदम एलईडीचा झोत म्हणजे त्याला डोळे मिटायचीही सोय नाही. सकाळी आधी खोलीचा पडदा उघडा किंवा खोलीतला दिवा लावा, अर्ध्या तासाने टाकीचा. रात्री उलट क्रम. दिवसाला सहा ते आठ तास पुरे, आणि वेळ रोज तीच. प्लगमध्ये लावायचा टायमर मिळतो, तो लावलात की कुणी लक्षात ठेवायला नको. आणि वर जाळीचं किंवा काचेचं झाकण हवंच, बिथरलेला मासा उडी मारतो.

जोडीदाराबद्दल. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. लहान वयात एंजल घोळक्यात राहतात, एकट्याला खुलं वाटत नाही हे खरं. पण साठ लिटरमध्ये दुसरा एंजल आणला की एक दादा होतो, दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो, आणि हा तर आधीच कोपऱ्यात आहे. नर-मादी म्हणाल तर अंडी घालेपर्यंत बाहेरून ओळखू येत नाहीत. पिशवीत ‘जोडी’ म्हणून देतात तो निव्वळ अंदाज असतो. त्यापेक्षा वेगळ्या जातीचे, बिनधास्त फिरणारे छोटे मासे आणा. ते समोर मोकळे पोहतायत म्हणजे धोका नाही, असं घाबरट मासा त्यांच्याकडे बघून ठरवतो. मासे पाळण्यात मुरलेले लोक ही युक्ती हमखास वापरतात. तुमच्यासाठी पाच-सहा प्लॅटी, त्यात नर एकच. प्लॅटीला इंदूरचं पाणी मानवतं, त्या काचेजवळ येऊन दाणा मागतात, आणि चार दिवसांत एंजलही मागून डोकावतो. पिलं होतील, त्यातली काही एंजल खाईल, मुलाला आधीच कल्पना द्या. टायगर बार्ब मात्र चुकूनही नको, ते एंजलचे लांब पंख कुरतडतात. निऑन टेट्राही नकोत, एंजल मोठा झाला की ते त्याच्याच पोटात जातात. आणि हे सगळं अमोनिया-नायट्राइट दोन आठवडे सलग शून्य आल्यावर, त्याआधी नाही.

सासूबाईंना दुखवू नका, कणकेच्या गोळीमागे पुण्याची भावना आहे. खेडीघाटाला, महेश्वरला आपण सगळेच नर्मदेत गोळ्या सोडतो. तिथे प्रवाह आहे आणि उरलेलं खायला हजार तोंडं आहेत. साठ लिटरमध्ये तीच गोळी विरघळून पाणी गढूळ करते आणि अमोनिया वाढवते. त्यांच्या हातात एंजलच्या दाण्याचा डबा द्या आणि रोजचं खाणं त्यांच्याकडेच सोपवा. सकाळी देवपूजा झाली की एक चिमूट, संध्याकाळी दिवा लावला की एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढंच, टाकीच्या त्याच कोपऱ्यात. टाकून दोन पावलं मागे सरायचं आणि गप्प बसायचं. वेळ तीच, हात तोच, जागा तीच, एवढं झालं की मासा त्या पावलांकडे भीतीने नाही, भुकेने बघायला लागतो. सुरुवातीचे दोन-चार दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका, उरलेलं काढून टाका, दाणा वाढवू नका.

मुलाला ‘टकटक करू नकोस’ एवढंच सांगून तो थांबणार नाही, त्याला काम द्या. अभ्यासाला टाकीपासून हातभर अंतरावर बसू दे, टाकीकडे पाठ किंवा कूस करून. बघत नसलेल्या माणसाची माशाला लवकर सवय होते. टेस्ट किटचे आकडे आणि थर्मामीटर वहीत लिहिणं त्याच्याकडे द्या. आणि त्याला सांगा, तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चर फिश माणसांचे चेहरे ओळखायला शिकतो, असं २०१६ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँड विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलंय. एंजलवर तसा प्रयोग तो स्वतःच करून बघू शकतो, रोज एकाच रंगाचा टी-शर्ट घालून.

रंगपंचमीला गल्लीत डीजे लागला किंवा दिवाळीत फटाके सुरू झाले, की टाकीचा दिवा बंद करून वर जाड चादर टाका. हवा जायला फट ठेवा, पंप चालू ठेवा.

आणखी एक, आवडणार नाही तरी सांगतो. एंजल पूर्ण वाढला की पंख धरून वीतभर उंच होतो. ही टाकी त्याला सध्या पुरेल, वर्षभरात निदान दीड फूट उंचीची लागेल. स्टँड करून घेताना त्या मापाचा विचार आत्ताच करा, सुताराला दोनदा बोलवायला नको.

नव्या जागी गेल्यावर पहिले दोन दिवस दिवा लावूच नका. मग पंधरा दिवसांनी मला लिहा, आणि पत्रात तीन गोष्टी हव्यात: अमोनिया-नायट्राइटचे आकडे, सकाळचं पाण्याचं तापमान, आणि मोबाइलच्या त्या अर्ध्या तासात मासा कुठे कुठे गेला. मधल्या काळात तो बारीक होत चालला आणि शी पांढरी, दोऱ्यासारखी लोंबायला लागली, तर पंधरा दिवस थांबू नका, लगेच कळवा. तो पोटाचा आजार असतो, त्याची औषधं वेगळी.